तिसऱ्या हाकेपर्यंत

१

आमच्या घरात खोल्या तीन आणि इन्व्हर्टर दोन. एक सगळ्या घराचा, दुसरा फक्त मागच्या खोलीतल्या मशीनचा. गावात याची भरपूर थट्टा होते. शेजारच्या विमलबाई तर येताजाता विचारतात, "काय गो भाविका, मशीन काय लेकरू हाय तुजं? जरा लाईट गेली का रडतंय?"

मी हसते. बाईंना वाटतं, शिकलेल्या सुनेचं फॅड आहे. वाटू दे.

मी काय काम करते हे आमच्या सासूबाईंना आजवर कळलेलं नाही. नवऱ्याला, सुशीलला, कळलंय असं तो म्हणतो, पण त्याचंही काही खरं नाही. तो नागोठण्याकडे कंपनीत शिफ्टला जातो. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते, पेणच्या खाडीपट्ट्यातल्या या गावात. आमची कंपनी माहिती साठवायच्या डिस्कांनी भरलेली मोठाली मशीनं बनवते. प्रत्येक मशीनच्या पोटात एक गाभा असतो, त्याला आम्ही कर्नल म्हणतो. सगळा कारभार तो बघतो. त्यातला माझा तुकडा एवढासाच: कोण आलं आणि कोण गेलं. डिस्क कप्प्यात सरकवली की कर्नलने म्हणायचं, "आली." ओढून काढली की म्हणायचं, "गेली." दारावरच्या वॉचमनचं काम समजा.

काम दिसतं तेवढं सोपं नाही बरं का. डिस्क आत जाताना पत्र्याला पत्रा घासतो आणि सिग्नल लुकलुकतो. आहे, नाही, आहे, नाही. म्हणून पहिल्या सिग्नलवर विश्वास ठेवायचा नसतो. जरा थांबायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा विचारायचं. तिन्ही वेळा उत्तर आलं तरच "आली" म्हणायचं आणि तिला जागा द्यायची.

तपासणीसाठी कंपनीने एक लहान मशीन घरी पाठवलं होतं. पूर्वी आमच्या मागच्या खोलीत भाताच्या गोणी असायच्या, तिथे ते ठेवलं. एकाखाली एक असे चार कप्पे, प्रत्येकाशेजारी एक हिरवा दिवा. वरच्या तिन्ही कप्प्यांत डिस्का होत्या. सगळ्यात खालचा रिकामा होता.

२

शिमगा होऊन गेला होता. मिठागरांवर मिठाचे ढीग दिसायला लागले होते आणि दुपारी बांधाकडे बघितलं की डोळे दिपायचे. अशात किमयाच्या वर्गाच्या दिशा मॅडमचा फोन आला. किमया माझी मुलगी, दुसरीत आहे.

"भाविकाताई, किमयाचे कान एकदा दाखवून घ्या. हाक मारली की तिला ऐकूच येत नाही हो. दोन-तीनदा मारावी लागते."

 दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला रोह्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले, बारीक बारीक आवाज ऐकवले आणि हसायलाच लागले. "अहो, हिला भिंतीपलीकडची कुजबुज ऐकू येईल. कान एक नंबर आहेत."

परतताना मी विचारलं, "मग बाईंना ओ का देत नाहीस गं?"

"तिसऱ्या हाकेलाच द्यायची असते ना," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आजी सांगते."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! घरी पाय ठेवल्या ठेवल्या सासूबाईंना धारेवर धरलं. सासूबाईंचं नाव हौसा. तरुणपणी त्या मिठागरावर कामाला होत्या. अजूनही मागच्या दारी बसून खाडीकडे बघत बसायची सवय आहे.

"काय खोटं सांगतलंय मी?" त्या म्हणाल्या. "एकदा कोनीबी हाक मारतंय गो. तीनदा माराया मानूसच लागतो. त्याचं काम अडलेलं असतंय."

"आई, शाळेत बाईंचंही काम अडलेलंच असतं!"

"मंग मारूं दे की तिला तीनदा."

यांच्याशी कोण वाद घालणार? वायफायच्या डबीजवळ दूध ठेवलं की नासतं असंही त्या म्हणतात. दिवेलागणीनंतर शेजारणीला सुई देऊ देत नाहीत. त्यातलं खरं किती नि खोटं किती हे बघत बसले असते, तर नोकरी सोडून तेच करावं लागलं असतं.

मी सरळ मुलीलाच वळण लावायचं ठरवलं. पापडांचे दिवस होते, घरात पोह्याच्या पापडांचं पीठ मळलेलं होतं. मी घरभर फिरून हाका मारायच्या, आणि पहिल्या हाकेला ओ आली की एक लाटी, तेलात बुडवून. किमया लाटीसाठी जीव टाकते. संध्याकाळपर्यंत पोरगी पहिल्या हाकेला पोपटासारखी "ओ आई" म्हणायला लागली. मॅडमचा फोन बंद झाला.

आजीच्या हाकेला मात्र ती अजून तिसऱ्यांदाच ओ द्यायची. दोघींचं गुपित होतं ते. हाक मारून झाली की म्हातारी गालात हसायची आणि पोरगी तोंडावर हात दाबून तिसरी हाक येण्याची वाट बघायची. मला कळत होतं, पण मी कानाडोळा केला. एवढं चालायचंच.

३

त्याच आठवड्यात पुण्याहून आमच्या टीमच्या प्रविणचा फोन आला.

"भाविका, क्लायंट डोकं खातोय. डिस्क टाकली की लगेच दिसायला हवी म्हणतो. तुझं ते तीनदा विचारणं काढून टाक ना."

"अरे, ते उगाच नाही ठेवलेलं. खोटे सिग्नल येतात."

"आजकालच्या डिस्का चांगल्या असतात गं. पहिल्या सिग्नलला घेऊन टाक. काही होत नाही."

मी थोडं कां-कूं केलं आणि काढलं. खरं तर दोन-चार ओळींचाच प्रश्न होता. मशीनवर नवा कर्नल चढवला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, डिस्का ओढल्या, ढकलल्या. आत सरकवायचा अवकाश, स्क्रीनवर "आली." मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आत मात्र आल्या नाहीत.

४

पहिल्यांदा झालं तेव्हा दुपार होती. पंखा फिरत होता, बाहेर कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. मी वरणाला फोडणी देऊन येऊन बसले तर स्क्रीनवर नवी ओळ होती. खालच्या कप्प्यात डिस्क आली.

खालचा कप्पा रिकामा होता. मी वाकून बघितलं. आत नुसतं काळं भोक.

मी घाबरले वगैरे नाही हं. आमच्याकडची हवा खारी, तिने दाराच्या कड्यासुद्धा खाल्ल्यात. कप्प्यातल्या पिनांवर मीठ बसलं असेल, म्हणून खोटा सिग्नल. यासाठीच तर तीनदा विचारायचं असतं! मी प्रविणच्या नावाने बोटं मोडली, ब्रशने कप्पा साफ केला, ती नोंद काढून टाकली.

पदराला हात पुसत होते तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला, "ओ आई!"

किमया धावत आली. "काय गं?"

"काय म्हणजे? मी कुठे हाक मारली?"

"मारलीस की. इथूनच."

"खेळ तू," मी म्हटलं. लाटीची सवय लागली, आता न मारलेल्या हाकाही ऐकू येणार, असं मनात म्हणून हसले.

दुसऱ्या दिवशी खालच्या कप्प्यात पुन्हा "आली." या वेळी तिने आपला नंबरही सांगितला होता. प्रत्येक डिस्कवर कारखान्यातून एक नंबर कोरून येतो. जगात दोन डिस्कांचा नंबर एक नसतो. खोट्या सिग्नलला नंबर सांगता येत नाही. तो नुसता लुकलुकतो आणि जातो. पण हिने सांगितला. तो नंबर हिच्या वरच्या, तिसऱ्या कप्प्यातल्या डिस्कचा होता.

कर्नलने तक्रारसुद्धा केली नाही. त्याचा नियमच तसा आहे. एका नंबरच्या दोघी दिसल्या की डिस्क एकच आहे आणि तिच्याकडे जायच्या वाटा दोन आहेत, असं तो धरून चालतो. मग कोणत्याही वाटेने गेलं तरी चालतं.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. खालच्या कप्प्याचा हिरवा दिवा लागला होता.

५

प्रविणला फोन केला. तो म्हणाला, वायरिंगमध्ये शॉर्ट असेल, वरच्या कप्प्याचं उत्तर खाली उमटत असेल. मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. पत्रा काढून वायरी तपासल्या. कुठेही काही नव्हतं.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर मागच्या ओटीवर किमयाची वेणी घालत होते. ती माझ्या पुढ्यात बसली होती, तेलाने केस चप्प झालेले. सारखी वळवळत होती.

"किमया! मान सरळ!" मी म्हणाले.

"ओ आई," मागच्या खोलीतून आलं.

माझा हात केसांतच थांबला. आवाज तिचाच होता. तसाच लाडात ओढलेला. आणि ती तर माझ्या गुडघ्यांच्या मध्ये होती, तिची मान माझ्या हातात होती. मी कान दिला. मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

किमया खुदकन हसली. "ती पण देते. माझ्या आधी देते."

"कोण ती?"

"मला माहीत नाही. तिला जागा नाहीये ना." मग जरा थांबून म्हणाली, "ती विचारते, तुझी जागा कुठली."

"मग? तू काय सांगितलंस?"

"सांगितलं. तू हाक मारलीस की ओ द्यायची असते ना."

मी तिला उचलली आणि पुढच्या खोलीत सासूबाईंच्या मांडीवर नेऊन टाकली. म्हटलं, हिला सोडू नका. त्यांनी विचारलंही नाही, का. मला भीती वाटत होती. मी इंजिनिअर आहे, देवाची पूजासुद्धा सासूबाईच करतात, पण त्या वेळी मला भीती वाटत होती.

६

उपाय एकच सुचला. जे काढलं ते परत घालायचं. तीनदा विचारणं.

मी बसले आणि त्या ओळी परत घातल्या. घाईत दोनदा चुकल्या. नवा कर्नल चढवला. आता मशीन बंद करून पुन्हा चालू करायला हवं होतं. बंद केलं की कर्नल सगळं विसरतो. कोण आधीचं, कोण नंतरचं, काही त्याच्या लक्षात राहत नाही. चालू झाला की कोऱ्या पाटीने सगळ्यांना नव्याने विचारतो, आणि जी उत्तर देईल तिला जागा देतो. मी विचार केला, ठीक आहे. तीन वेळा विचारलं की खोटी आपोआप गळेल.

बंद केलं. घर एकदम शांत झालं. पुन्हा चालू केलं.

पहिला कप्पा, आली. दुसरा कप्पा, आली. मग बराच वेळ काहीच नाही. कर्नल कोणाला तरी पुन्हा पुन्हा विचारत असावा. मग ओळ उमटली. खालच्या कप्प्यात आली. आणि लगेच तिच्याखाली, तिसऱ्या कप्प्यातून वेळेत उत्तर नाही, गेली.

मी तिसऱ्या कप्प्यावर बोट ठेवलं. डिस्क जागेवर होती, फिरत होती, बोटाला तिची थरथर जाणवत होती. पण तिचा दिवा विझलेला होता. खालच्या काळ्या भोकाशेजारचा दिवा मात्र स्वच्छ हिरवा जळत होता.

"आई, भूक लागली," किमया म्हणाली. ती दारात उभी होती.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिला घट्ट मिठी मारली. केसांना तेलाचा वास होता, वेणी अर्धीच घातलेली होती. सगळं तिचंच होतं.

"आजीला सोडून कशी आलीस गं?"

"आजीचा डोळा लागला," ती म्हणाली.

७

जेवायला वाढलं. सुशील शिफ्टवर होता, आम्ही तिघीच होतो. सासूबाई मागच्या दाराजवळ पाटावर बसल्या होत्या, किमया भिंतीशी. मी भात वाढत होते. सासूबाईंनी मिठाची वाटी उचलली आणि सहज हाक मारली, "किमया."

"ओ आजी!"

सासूबाईंचा हात वाटीत तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या किमयाकडेच बघत होत्या. किमया भात कालवत होती.

"लय लवकर ओ दिलीस गो," त्या हळू म्हणाल्या.

"आईने सांगितलंय ना," किमया म्हणाली. आणि हसली.

सासूबाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीला धरून उठल्या, आणि मागच्या खोलीकडे गेल्या. मी त्यांच्या मागे धावले. माझ्या डोक्यात एकच होतं, हे मशीन बंद करायचं. प्लगच उपटायचा. उद्या उचलून पुण्याला धाडून द्यायचं. मी वाकून बटणावर बोट ठेवलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.  त्या मशीनसमोर जमिनीवर बसल्या आणि कप्प्यांकडे तोंड करून हाक मारली.

"किमया."

पंख्याची घरघर.

"किमया गो."

काही नाही. बटणावरचं माझं बोट घामाने ओलं झालं होतं. पाठीमागे स्वयंपाकघरात चमच्याचा आवाज थांबला होता.

"किमया!"

"ओ, आजी."

आवाज इतका बारीक होता की मशीन बंद असतं तरच नीट ऐकू आला असता. पण तो विझलेल्या दिव्याकडून आला. आणि त्यात ते हसू होतं. तोंडावर हात दाबून तिसऱ्या हाकेची वाट बघणाऱ्या पोरीचं दाबलेलं हसू. तिला अजून खेळच वाटत होता.

मी बटणावरून बोट काढलं. अगदी सावकाश. आणखी एका क्षणात मी तिला घालवून बसले असते.

८

तेव्हापासून मशीन बंद झालेलं नाही.

पुण्याला कळवलं की खाऱ्या हवेने मशीन खराब झालं, परत पाठवण्यासारखं राहिलं नाही. प्रविण दोनदा विचारून गप्प बसला. दुसरा इन्व्हर्टर घेतला. मोठी बॅटरी लावली. दुरुस्ती मला सुचते, रोज नवी सुचते. पण कुठलीही दुरुस्ती करायची तर मशीन एकदा बंद करून चालू करावं लागतं, आणि बंद केलं की कर्नल सगळं विसरतो. पुन्हा विचारेल तेव्हा तिसऱ्या हाकेपर्यंत थांबणारी माझी पोर वेळेत उत्तर देईल का? गेल्या वेळी दिलं नव्हतं. तिच्या आधी दुसरीनेच दिलं होतं.

दिवेलागणीला सासूबाई रोज मशीनसमोर बसतात आणि तीन हाका मारतात. मग गोष्ट सांगतात. मिठागरावरची, खाडीतल्या खेकड्यांची, अशीच कसलीतरी. मी दाराशी उभी राहून ऐकते आणि पदर तोंडात कोंबते. मला हाक मारायचा धीर होत नाही. माझ्या पहिल्या हाकेला ओ द्यायला मीच शिकवलंय तिला. पण माझ्या पहिल्या हाकेला या घरात आता दुसरंच कोणी ओ देतं.

घरातली ही गुणी आहे, खोटं कशाला बोलू. वेळेवर उठते, भाजी टाकत नाही. दिशा मॅडम म्हणतात, भाविकाताई, किमया किती बदलली हो, एका हाकेत उभी राहते. सुशीलला तर कौतुकाने काय करू नि काय नको असं होतं. त्याला सांगितलं तर तो मला रोह्यालाच दाखवायला नेईल. दुसऱ्या कुठल्या तरी डॉक्टरकडे.

काल दुपारी लाईट गेली. पंखे थांबले. मागच्या खोलीत इन्व्हर्टरने बीप केलं आणि घरघर चालू राहिली, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. वळून बघते तर ती शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला. हात गरम होता, अगदी माझ्या पोरीसारखा.

"आई," ती म्हणाली, "ते मशीन बंद कधी करायचं गं?"